कॅन्डलस्टिक चार्टवरचे स्ट्रोक: टोक कुठे असतं आणि ते कळतं कधी

चार्टवर नजरेच्या अंदाजाने स्विंग, म्हणजे भावाच्या वर-खाली चाली, काढायची सवय मोडली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. आपण रेघ मारतो तेव्हा भाव पुढे कुठे गेला हे आपल्याला दिसत असतं. वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं, मधली कुठली उसळी सोडून द्यायची, हे सगळं पुढच्या कॅन्डल (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या कांड्या) बघून ठरतं. मग त्याच रेघांच्या आधारे ‘पद्धत चालते’ असा निष्कर्ष निघतो. खऱ्या व्यवहाराच्या वेळी चार्टची उजवी बाजू कोरी असते आणि तेव्हा तीच नजर गोंधळते.

म्हणून स्ट्रोक नियमाने काढायचा. एका तळापासून पुढच्या शिखरापर्यंत, किंवा शिखरापासून तळापर्यंत, भावाची एक सलग चाल म्हणजे एक स्ट्रोक. नियम असा हवा की तोच डेटा दिला तर कोणीही काढला तरी तेच स्ट्रोक निघाले पाहिजेत. याचा सर्वांत काटेकोर नियम चिनी बाजारातून आला. २००६ ते २००८ या काळात तिथल्या एका लेखकाने टोपणनावाने ब्लॉगवर तो धड्यांच्या रूपात मांडला. आज ती पद्धत चान सिद्धांत म्हणून ओळखली जाते. त्या सिद्धांतात पुढे बरंच काही आहे. इथे फक्त त्याचा पाया, म्हणजे स्ट्रोक कसा ओळखायचा आणि तो ओळखताना कुठे चुकतं, एवढंच बघू.

आधी कॅन्डल एकमेकींत मिसळायच्या

स्ट्रोकसाठी कॅन्डलचा ओपन (सुरुवातीचा भाव) आणि क्लोज (शेवटचा भाव) लागत नाही, हिरवी की लाल याचाही संबंध नाही. फक्त हाय (सर्वांत वरचा भाव) आणि लो (सर्वांत खालचा). डोजी, हॅमर, एन्गल्फिंग हे सगळे आकार इथे बाजूला ठेवायचे.

शेजारच्या दोन कॅन्डलपैकी एकीचा हाय-लो पट्टा दुसरीच्या पट्ट्यात पूर्ण सामावत असेल तर त्या दोघींची एक कॅन्डल करायची. म्हणजे आधीच्या कॅन्डलच्या आत बसणारा इनसाइड बारही मिसळतो आणि तिला झाकणारा आउटसाइड बारही. हाय किंवा लो अगदी सारखा असला तरी तो समावेशच धरायचा. तुलना ‘मोठा किंवा समान’ अशी करायची. याचा एक मोठा फायदा आहे. मिसळून झालेल्या यादीत शेजारच्या दोन कॅन्डलचे हाय किंवा लो कधीच समान राहत नाहीत, त्यामुळे पुढच्या पायरीवर ‘दोन्ही सारखे, मग शिखर कुठलं’ हा वाद उरत नाही.

मिसळताना दिशा बघायची. मिसळायच्या जोडीच्या आधीची कॅन्डल आणि जोडीतली पहिली कॅन्डल यांची तुलना करायची. हाय वर गेला असेल तर दिशा वरची. मग दोन हायपैकी मोठा आणि दोन लोपैकीही मोठा घ्यायचा. दिशा खालची असेल तर दोन्हीकडे लहान आकडा घ्यायचा. चढत्या चालीत लो वर सरकवायचा आणि उतरत्या चालीत हाय खाली ओढायचा, म्हणजे चालीचा रोख टिकतो आणि मधली चुळबुळ गळून पडते.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पुढची कॅन्डल मूळ कॅन्डलशी ताडून बघणं. मिसळून जी नवी कॅन्डल तयार झाली तिच्याशीच पुढची ताडायची, आणि क्रम कायम डावीकडून उजवीकडे. समजा वरच्या दिशेत पहिली कॅन्डल ११०/१००, दुसरी १०८/१०२ आहे (आधी हाय, मग लो). दुसरी पहिलीच्या आत आहे, म्हणून मिसळून ११०/१०२ झाली. तिसरी आली ११२/१०१. मूळ पहिलीशी ताडली तर समावेश नाही, कारण १०१ हा १०० च्या वर आहे. मिसळलेलीशी ताडली तर समावेश आहे, कारण ११२ वर आणि १०१ हा १०२ च्या खाली. म्हणजे पुन्हा मिसळून ११२/१०२. एवढ्याशा फरकाने कॅन्डलची संख्या बदलते, आणि संख्या बदलली की स्ट्रोक बदलतो.

चार्टच्या अगदी सुरुवातीला आधीची कॅन्डलच नसते, मग दिशा कुठून आणायची? एकमेकींत सामावत नाहीत अशी पहिली जोडी सापडेपर्यंत पुढे जायचं आणि तिथून सुरुवात करायची. डेटा कुठून सुरू केला यावर पहिले काही स्ट्रोक अवलंबून असतात, म्हणून विश्लेषणात सुरुवातीचे दोन-तीन स्ट्रोक धरूच नयेत.

शिखर आणि तळ

मिसळून झालेल्या यादीत सलग तीन कॅन्डल घ्यायच्या. मधलीचा हाय दोन्हीकडच्यांपेक्षा वर असेल तर शिखराचं फ्रॅक्टल, मधलीचा लो दोन्हीकडच्यांपेक्षा खाली असेल तर तळाचं. समावेश आधीच काढून टाकलेला असल्यामुळे शिखराच्या मधल्या कॅन्डलचा लोही आपोआप तिघींत वरचा असतो. कोडमध्ये दोन्ही अटी लिहिल्या तरी हरकत नाही; हाय वरचा पण लो खालचा असं कधी आढळलं तर मिसळण्याच्या पायरीत दोष आहे हे लगेच समजेल.

ट्रेडिंगवर लिहिणारे बिल विल्यम्स यांचं फ्रॅक्टल वेगळं, त्यात पाच कॅन्डल असतात आणि शिखरासाठी मधलीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खालच्या हायच्या कॅन्डल लागतात. त्यात मिसळण्याची पायरी नाही. दोन्हींची सरमिसळ करू नये.

तीन कॅन्डलची फ्रॅक्टल भरपूर सापडतात. त्यातली बहुतेक टाकूनच द्यायची असतात.

एक उदाहरण, आकड्यांसकट

कागदावर एकदा हाताने केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. पंधरा कॅन्डल घेऊ:

१: ११०/१०६
२: १०८/१०३
३: १०५/१००
४: १०७/१०२
५: १११/१०५
६: ११०/१०६
७: ११४/१०८
८: ११७/१११
९: ११८/११०
१०: ११५/१०८
११: ११२/१०५
१२: ११३/१०४
१३: १०९/१०१
१४: १०६/९९
१५: १०८/१०२

सहावी कॅन्डल पाचवीच्या आत आहे. चौथीपासून पाचवी वर गेली, म्हणून दिशा वरची. दोघींची मिळून १११/१०६. नववी आठवीला पूर्ण झाकते. सातवीपासून आठवी वर, म्हणून ११८/१११. बारावी अकरावीला झाकते. दहावीपासून अकरावी खाली, म्हणून दोन्हीकडे लहान आकडा, ११२/१०४. बाकी कुठेच समावेश नाही. पंधराच्या बारा कॅन्डल झाल्या.

आता फ्रॅक्टल. तिसरी कॅन्डल तळ, किंमत १००. आठ-नऊ मिळून झालेली कॅन्डल शिखर, किंमत ११८. चौदावी तळ, किंमत ९९. तळ ते शिखर यांच्या मध्ये मिसळलेल्या तीन कॅन्डल आहेत: चौथी, पाच-सहा आणि सातवी. यातली चौथी तळाच्या फ्रॅक्टलमधली, सातवी शिखराच्या फ्रॅक्टलमधली, आणि पाच-सहा कोणाचीच नाही. ही ‘कोणाचीच नसलेली’ कॅन्डल महत्त्वाची आहे, कारण मूळ कडक नियम तेवढंच मागतो: शिखर आणि तळ यांच्या फ्रॅक्टलमध्ये किमान एक स्वतंत्र कॅन्डल. टोकांसकट मोजलं तर किमान पाच मिसळलेल्या कॅन्डल. उतरतानाही तसंच: दहावी, अकरा-बारा, तेरावी, स्वतंत्र कॅन्डल अकरा-बाराची. म्हणजे पहिला स्ट्रोक १०० ते ११८, दुसरा ११८ ते ९९.

चान सिद्धांताच्या याच लेखकाने पुढे नियम थोडा सैल केला. सैल नियमात दोन अटी आहेत. मिसळल्यानंतर शिखर आणि तळ यांच्या फ्रॅक्टलमध्ये एकही कॅन्डल सामाईक नको. आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या कॅन्डलच्या मध्ये, न मिसळता मोजल्या तर, किमान तीन मूळ कॅन्डल हव्यात. टोकाच्या दोन कॅन्डल या तिघींत मोजायच्या नाहीत. समावेश जास्त असलेल्या, म्हणजे दाटीवाटीच्या बाजारात कडक नियमाने मोठी चालसुद्धा स्ट्रोक ठरत नाही. सैल नियम ती पकडतो. माझी पसंती कडक नियमाला आहे. कारण पुढे डेटाबद्दल लिहिलं आहे तिथे येईल.

एक अट मात्र दोन्हीकडे आहेच: चढत्या स्ट्रोकचं शिखर त्याच्या तळापेक्षा वर असलं पाहिजे. हे हास्यास्पद वाटेल इतकं उघड आहे, पण ही तपासणी कोडमध्ये नसली की गॅपने (दोन कॅन्डलमध्ये भावाने मारलेल्या उडीने) भरलेल्या चार्टवर उलटे स्ट्रोक निघतात.

तळ सरकतो

उदाहरण पुढे नेऊ. सोळावी ११०/१०४, सतरावी १०७/१०१, अठरावी १०४/९७, एकोणिसावी १०६/१००. सोळावी हे शिखराचं फ्रॅक्टल आहे. पण त्यातली पंधरावी कॅन्डल चौदावीच्या तळाच्या फ्रॅक्टलमध्येही आहे. सामाईक कॅन्डल, म्हणून स्ट्रोक नाही. हे शिखर टाकायचं. पुढे अठरावी नवा तळ देते, ९७. चौदावीच्या तळापेक्षा हा खाली आहे आणि मध्ये वैध चढता स्ट्रोक झाला नाही, म्हणून ९९ चा तळ खोडायचा आणि दुसरा स्ट्रोक ११८ ते ९७ असा लांबवायचा.

सगळा निवडीचा नियम एवढाच आहे. एका तळानंतर वैध शिखर सापडायच्या आत आणखी खालचा तळ आला तर जुना खोडायचा, नवा ठेवायचा. वरचा तळ आला तर दुर्लक्ष करायचं. शिखरांसाठी उलट. दोन तळ तंतोतंत एकाच किमतीला आले तर पहिला ठेवावा. कुठलाही ठेवला तरी चालेल, पण पूर्ण चार्टभर एकच निर्णय हवा.

आणि इथेच ‘रीपेंट’ची, म्हणजे आधी काढलेली रेघ नंतर बदलते अशी, तक्रार सुरू होते. पंधरावी कॅन्डल बंद झाली तेव्हा स्क्रीनवर ९९ चा तळ होता, एकोणिसावी बंद झाल्यावर तो नाहीसा होऊन ९७ ला गेला. रेघ काढणारा इंडिकेटर बिघडलेला नाही. शेवटचा स्ट्रोक नेहमी कच्चाच असतो. तो पक्का दाखवणं ही चूक.

टोकाची वेळ आणि पक्कं झाल्याची वेळ

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी: प्रत्येक टोकाला दोन वेळा असतात, आणि दोन्ही लिहून ठेवायच्या असतात.

वरच्या उदाहरणात ११८ चं शिखर नवव्या कॅन्डलला झालं. ते तीन कॅन्डलचं शिखर आहे हे कळलं दहावी बंद झाल्यावर. पण तेव्हाही भाव पुन्हा ११८ च्या वर गेला असता तर शिखर पुढे सरकलं असतं. ते कायमचं झालं कधी? खालचा वैध स्ट्रोक तयार झाला तेव्हा, म्हणजे चौदाव्या कॅन्डलच्या तळाचं फ्रॅक्टल पंधरावीने पूर्ण केलं तेव्हा. शिखरापासून सहा कॅन्डल पुढे. पंधरावीचा क्लोज १०७ धरला तर ११८ पासून ११ अंकांची घसरण तोवर होऊन गेली होती.

यातला बारकावा नीट बघा. खालचा स्ट्रोक पक्का होतो त्याच क्षणी त्याच्या तळाचं फ्रॅक्टलही तयार झालेलं असतं, कारण तळाशिवाय तो स्ट्रोक मोजताच येत नाही. म्हणजे ‘उतरता स्ट्रोक पक्का झाला, विकू या’ हा विचार नियमाच्या रचनेतच चुकीचा आहे. उतरता स्ट्रोक पक्का होताना भाव तळावरून वर वळलेला असतो. स्ट्रोक आपल्या दिशेने कधीच प्रवेशाचा इशारा देत नाही. तो झालेल्या चालीची नोंद करतो, आणि त्या नोंदीचा उपयोग पुढच्या चालीसाठी करायचा असतो.

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर पद्धत चालवून बघताना, हीच गोष्ट सर्वांत जास्त फसवते. स्ट्रोकच्या यादीत शिखराची तारीख असते, कोड त्या तारखेला विक्री करतो, आणि निकाल डोळे दिपवणारा येतो. त्या तारखेला कोणालाही ते शिखर माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक टोकासाठी दोन स्तंभ ठेवा: टोकाची कॅन्डल आणि पक्की झाल्याची कॅन्डल. व्यवहार कुठलाही असो, तो दुसऱ्या स्तंभानंतरच्या पहिल्या भावाला धरायचा. आपल्या डेटावर या दोन स्तंभांमधलं अंतर एकदा मोजून बघा, कॅन्डलमध्येही आणि किमतीतही. स्ट्रोकच्या एकूण लांबीच्या किती टक्के भाग पक्कं होईपर्यंत निघून जातो हे कळलं की अपेक्षा जमिनीवर येतात.

एक दिलासा आहे. फ्रॅक्टल एकदा तयार झालं की मिसळण्यामुळे मोडत नाही. दहावी कॅन्डल शिखराच्या उजवीकडे आली आणि अकरावी तिच्याशी मिसळली, तरी दिशा खालची असल्यामुळे हाय-लो खालीच ओढले जातात; ११८ च्या वर जाऊ शकत नाहीत. पण याच गुणातून पुढचा दोष जन्मतो.

खरं टोक गिळलं जातं तेव्हा

समजा बारावी कॅन्डल ११३/१०४ ऐवजी १२०/१०४ आली. एखादी बातमी, क्षणभर वर उसळी, लांब वरची शॅडो (कॅन्डलच्या वरची बारीक रेघ), आणि पुन्हा खाली. अकरावीला (११२/१०५) ती झाकते, दिशा खालची, म्हणून नियमाप्रमाणे हाय ११२ होतो. १२० हा आकडा यादीतून गायब! स्ट्रोकचं शिखर ११८ ला राहतं, आणि चार्टवर मात्र त्या स्ट्रोकच्या मधोमध १२० चा हाय दिसतो. ११८ च्या जरा वर स्टॉपलॉस (तोटा थांबवणारी ऑर्डर) लावलेल्या माणसाला नियम काय म्हणतो याने फरक पडत नाही. त्याचा स्टॉपलॉस उडालेला असतो.

नियम बदलून हा दोष पूर्ण जात नाही, कारण आउटसाइड बारमध्ये हाय आधी झाला की लो, हे त्या टाइमफ्रेमवर (एका कॅन्डलच्या कालावधीवर) कळतच नाही. माझ्या मते बरा मार्ग असा: स्ट्रोक नियमाने काढा, मग प्रत्येक स्ट्रोकच्या दोन टोकांमधल्या मूळ कॅन्डलचा सर्वांत मोठा हाय आणि सर्वांत लहान लो काढा. ते टोकांशी जुळत नसतील तर त्या स्ट्रोकला खूण करा. स्टॉपलॉसची पातळी नेहमी मूळ कॅन्डलच्या आकड्यावरून घ्यायची, मिसळलेल्या कॅन्डलवरून नाही. आणि खूण असलेला स्ट्रोक खालच्या टाइमफ्रेमवर उघडून बघायचा.

दुसरा अवघड प्रसंग म्हणजे टोकं फार जवळ पडणं. चढता स्ट्रोक १०० ते ११८ झाला आणि लगेच दोन-तीन कॅन्डलमध्ये भाव ९५ ला कोसळून परत उसळला. अंतराची अट पूर्ण होत नाही, म्हणून उतरता स्ट्रोक नाही. पण भाव चढत्या स्ट्रोकच्या तळाखाली गेला आहे. यावर तीन उत्तरं चालतात. काही जण काहीच करत नाहीत, पुढच्या वैध तळाची वाट बघतात. काही जण चढता स्ट्रोकच रद्द करून आधीचा उतरता स्ट्रोक ९५ पर्यंत नेतात. काही जण अपवाद म्हणून या जवळच्या तळालाही स्ट्रोक मानतात, कारण मागचं टोक मोडलं आहे.

दुसरं उत्तर मला मुळीच पटत नाही. त्यात पक्का झालेला स्ट्रोक मागे जाऊन बदलतो, आणि पक्का हा शब्द निरर्थक होतो. स्ट्रोकचा उपयोग स्टॉपलॉस सरकवण्यासाठी करत असाल तर तिसरा अपवाद घ्या. मागचं टोक मोडणं ही तुमच्या दृष्टीने खरी घटना आहे. स्ट्रोक मोजून पुढे मोठी रचना बांधायची असेल तर पहिलं, म्हणजे शांत राहणं, बरं. कुठलंही घ्या, पण अपवाद किती वेळा वापरला गेला याची मोजणी कोडमध्ये ठेवा. अपवाद वारंवार वापरला जात असेल तर टाइमफ्रेमची निवड चुकली आहे.

डेटा आधी धुऊन घ्या

स्ट्रोक हा कॅन्डल मोजण्याचा खेळ असल्यामुळे एक जास्तीची कॅन्डलसुद्धा निकाल फिरवते. व्यवहारच झाला नाही अशा मिनिटाला काही डेटा पुरवठादार मागचाच भाव भरून हाय आणि लो समान असलेली कॅन्डल देतात, काही ती कॅन्डल गाळतात. कडक नियमात या भरावाच्या कॅन्डल सहसा शेजारणीत मिसळून जातात आणि त्रास देत नाहीत. सैल नियमात मात्र मूळ कॅन्डल मोजल्या जातात, त्यामुळे तीन पोकळ कॅन्डल मध्ये आल्या की स्ट्रोकची अट खोटीच पूर्ण होते. कडक नियमाला माझी पसंती आहे ती यासाठी. सैल नियम वापरायचाच असेल तर व्हॉल्यूम शून्य असलेल्या कॅन्डल आधी काढून टाका.

शेअरची विभागणी किंवा बोनस झाला आणि जुने भाव समायोजित केलेले नसले तर एका रात्रीत निम्म्यावर आलेला भाव प्रचंड उतरता स्ट्रोक म्हणून उभा राहतो. लाभांशासाठी समायोजित केलेला आणि न केलेला डेटा एकाच अभ्यासात मिसळू नका. हाय-लोचे बारीक फरक समावेशाचा निर्णय उलटवतात.

लहान कॅन्डलपासून मोठ्या टाइमफ्रेमची कॅन्डल स्वतः बनवत असाल तर मोजणी सत्राच्या सुरुवातीपासून करा. सत्राची लांबी टाइमफ्रेमने पूर्ण भागली जात नसेल तर दिवसाची शेवटची कॅन्डल तोकडी निघते. ती ठेवायची की आधीच्या कॅन्डलला जोडायची हे एकदाच ठरवा. सर्किटला (दिवसाच्या भावमर्यादेला) अडकलेल्या शेअरमध्ये हाय आणि लो एकच असलेल्या कॅन्डल ओळीने येतात. त्या खऱ्या आहेत, काढू नका, पण अशा काळातले स्ट्रोक मोजमापात धरू नका, कारण त्या भावाला व्यवहार करताच आला नसता.

हायकिन-आशी, म्हणजे सरासरीने गुळगुळीत केलेल्या कॅन्डलच्या, चार्टवर स्ट्रोक काढणं टाळा. तिथे हाय-लो ठरवताना सरासरीने काढलेला ओपन आणि क्लोजही धरले जातात, त्यामुळे टोकं खऱ्या व्यवहाराची राहतीलच असं नाही. लॉग स्केल आणि साधं स्केल यांनी मात्र काहीच बदलत नाही. तुलना फक्त लहान-मोठ्याची आहे.

दशांशाचा घोळही खरा आहे. कोडमध्ये १०४.३ आणि १०४.३ हे दोन वेगळ्या हिशोबांतून आले तर ते समान ठरतीलच असं नाही, आणि इथे समान असणं म्हणजे समावेश. सगळे भाव टिकच्या (भाव बदलण्याच्या किमान टप्प्याच्या) पूर्णांकात बदला. टिक ०.०५ असेल तर भावाला २० ने गुणून जवळचा पूर्णांक घ्या, आणि मगच तुलना करा.

कोड आणि त्याची परीक्षा

मिसळलेल्या प्रत्येक कॅन्डलसोबत हाय आणि लो यांशिवाय चार गोष्टी साठवा: ती कुठल्या मूळ कॅन्डलपासून सुरू झाली, कुठे संपली, हाय कुठल्या मूळ कॅन्डलचा आणि लो कुठल्या मूळ कॅन्डलचा. शेवटच्या दोन नसतील तर स्ट्रोकचं टोक चार्टवर एक-दोन कॅन्डल बाजूला दिसतं. आपल्या उदाहरणात शिखर नवव्या कॅन्डलवर आहे, आठवीवर नाही.

चालू कॅन्डल, जी अजून बंद झाली नाही, ती कधीही हिशोबात घ्यायची नाही.

परीक्षा चार प्रकारे घ्या. मिसळलेल्या यादीत शेजारच्या कुठल्याही जोडीत समावेश उरता कामा नये. स्ट्रोक आळीपाळीने वर-खाली आले पाहिजेत आणि एकाचं शेवटचं टोक हेच पुढच्याचं पहिलं टोक असलं पाहिजे. चढत्याचं शेवटचं टोक पहिल्यापेक्षा वर, उतरत्याचं खाली. आणि चौथी, सर्वांत मोलाची: डेटाच्या पहिल्या १०० कॅन्डल देऊन स्ट्रोक काढा, मग १०१, मग १०२, असं शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी आधी पक्के ठरलेले स्ट्रोक जसेच्या तसे राहिले पाहिजेत. बदल फक्त शेवटच्या कच्च्या स्ट्रोकमध्ये दिसला पाहिजे. काही हजार कॅन्डलवर हे सहज चालतं. पक्का स्ट्रोक एकदाही हलला तर कोडमध्ये कुठेतरी पुढचं बघून मागचं ठरवलं जातंय. मघाचं दुसरं उत्तर, पक्का स्ट्रोक रद्द करण्याचं, याच परीक्षेत नापास होतं.

टक्केवारीच्या झिगझॅगशी तुलना नेहमी विचारली जाते. झिगझॅगमध्ये ‘५ टक्के उलटलं की नवी चाल’ असा ठरावीक आकडा असतो. शांत बाजारात त्याला महिनोन् महिने काही दिसत नाही आणि वादळी बाजारात तो रोज वळणं घेतो. एटीआरच्या (भावाच्या सरासरी चढउताराच्या मापाच्या) पटीत उंबरठा ठेवला तर बराच फरक पडतो. स्ट्रोकमध्ये असा आकडाच नाही, रचना मोजली जाते, म्हणून तो बाजाराच्या चढउतारानुसार आपोआप जुळतो. पण त्याची किंमत म्हणजे अगदी छोट्या चालीही, पाच कॅन्डल झाल्या की, स्ट्रोक ठरतात. शेवटची रेघ सरकणं दोघांतही आहे.

स्ट्रोक हातात आल्यावर

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो तीन सलग स्ट्रोकचा सामाईक पट्टा. तिघांच्या वरच्या टोकांपैकी सर्वांत लहान आकडा ही पट्ट्याची वरची कड, खालच्या टोकांपैकी सर्वांत मोठा ही खालची कड. आपल्या उदाहरणात १०० ते ११८, ११८ ते ९७, आणि समजा पुढे ९७ ते ११२ असे स्ट्रोक आले. वरच्या टोकांत सर्वांत लहान ११२, खालच्या टोकांत सर्वांत मोठा १००. पट्टा १०० ते ११२. भाव यात असेपर्यंत दोन्ही बाजूंची ताकद बरोबरीची आहे आणि ब्रेकआउटच्या (पट्ट्याबाहेर पडण्याच्या) प्रत्येक उडीमागे धावण्यात अर्थ नाही. एखादा स्ट्रोक ११२ च्या वर निघून गेला आणि त्यानंतरच्या उतरत्या स्ट्रोकचा तळही ११२ च्या वरच थांबला, तर तो तळ लक्ष देण्यासारखा आहे: स्टॉपलॉससाठी जागा मिळते आणि चुकलो तर कुठे चुकलो तेही स्पष्ट असतं.

एमएसीडी (१२, २६, ९) हा भावाच्या सरासऱ्यांवरून जोर मोजणारा इंडिकेटर वापरणारे एकाच दिशेच्या दोन स्ट्रोकखालच्या हिस्टोग्रामची (त्याच्या उभ्या पट्ट्यांची) बेरीज ताडून बघतात. दुसरा स्ट्रोक नवं शिखर करतो पण बेरीज कमी पडते, म्हणजे जोर ओसरतोय. ही तुलना करताना दुसरा स्ट्रोक बहुतेक वेळा कच्चाच असतो. तो लांबला तर बेरीजही वाढते आणि दिसलेला डायव्हर्जन्स (भाव आणि जोर यांतली ही तफावत) पुसला जातो. म्हणून बॅकटेस्टच्या नोंदीत बेरीजही त्या-त्या कॅन्डलला जेवढी होती तेवढीच लिहायची, नंतरची नाही.